रडण्याची सोय

कुणालाही विचारा, ‘आजवर पाहिलेला सगळ्यात विनोदी सिनेमा कोणता?’ माणूस छताकडे बघतो, एक नाव घेतो, दुसऱ्यावर अडखळतो आणि ‘तसे बरेच आहेत’ म्हणून सुटका करून घेतो. आता विचारा, ‘सगळ्यात डिप्रेसिंग सिनेमा कोणता?’ तोच माणूस पाठ ताठ करतो, चहाचा कप बाजूला सरकवतो, चेहऱ्यावर तेज चढतं. निवृत्त फौजदाराने दंगलीतल्या बंदोबस्ताच्या कथा सांगाव्यात त्या थाटात नावं बाहेर पडू लागतात. कुणी ‘रेक्विएम फॉर अ ड्रीम’ काढतो, कुणी सोव्हिएत ‘कम अँड सी’, आणि ज्याला ही दोन्ही नावं नवीन असतात तो ‘श्वास’ काढून सगळ्यांना गप्प करतो. पूर्वी पंगतीत कुणी किती जिलब्या उठवल्या याचे हिशेब चालत. आता कुणी किती उदास सिनेमे पचवले याचे चालतात. ‘आख्खा पाहिला, एका बैठकीत’ हे वाक्य जिलबीच्या ताटासारखंच अभिमानाने पुढे येतं. या फडात एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही: बोलणाऱ्यांपैकी एकही जण उदास दिसत नाही. ज्या सिनेमाने चार दिवस अन्न गोड लागू दिलं नाही म्हणायचं, त्याचीच आठवण काढताना माणूस एवढा खुलतो कसा? माझ्या मते आपण दोन वेगळ्या डब्यांवर एकच चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे. एक रडवणारा सिनेमा आणि दुसरा उदास करणारा. रडवणाऱ्यात दुःख पोतंभर असेल, पण सोबत रडायची सोय केलेली असते. उदास करणाऱ्यात दुःख कदाचित चिमूटभरच असेल, सोय मात्र नसते. सोय म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. परगावच्या लग्नाला जायचं की नाही हे आपण वधूवरांकडे बघून ठरवत नाही, उतरायच्या सोयीकडे बघून ठरवतो. दुःखाकडे जायचं तरी तेच बघायचं असतं.

हे नीट दिसायला चिनहटला जावं लागतं. चिनहट हे लखनौच्या पूर्वेचं एके काळचं गाव, आता शहराने पोटात घेतलेलं. झिलईच्या मातीच्या भांड्यांसाठी त्याचं नाव होतं. मराठी माणूस तिथून जातो तो बहुधा अयोध्येच्या बसमध्ये, मान खाली टाकून डुलक्या घेत. पण हा लखनौ-फैजाबाद रस्ता म्हणजे साधासुधा रस्ता नाही. याच्या इतका अश्रूंचा माल दुसऱ्या कुठल्या रस्त्याने वाहिला असेल असं वाटत नाही. १७७५ साली नवाब असफउद्दौलाने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली. मर्सिया या शोककाव्याचा बादशहा मीर अनीस फैजाबादेत जन्मला आणि लखनौत गाजला. मुझफ्फर अलींच्या १९८१ सालच्या ‘उमराव जान’मधली अमीरन फैजाबादेहून पळवली जाते, लखनौच्या कोठ्यावर उमराव होते आणि अखेर फैजाबादेतल्या आपल्याच घराच्या दारातून परत फिरवली जाते. नकाशा पाहिला तर या बाईच्या आयुष्यात चिनहट दोन-तीनदा तरी यायला हवं, आणि एकदाही तिला तिथे दोन घटका टेकायची सवड मिळत नाही.

चिनहटचं स्वतःचं नाव इतिहासात आहे ते ३० जून १८५७ या एका दिवसामुळे. त्या दिवशी सर हेन्री लॉरेन्स लखनौच्या रेसिडेन्सीतून सहा-सातशे माणसं आणि तोफा घेऊन या बाजूला निघाले. जूनची अखेर, अवधचं ऊन, आणि सैन्य निघालं न्याहारी न करता. ही न्याहारी इंग्रजांच्या बखरींत इतक्या कळकळीने आली आहे की पराभवाचं खापर समोरच्या बरकत अहमदवर फोडावं की भटारखान्यावर, याचा वाचकाला संभ्रम पडावा. बरकत अहमदच्या हाताखाली काही हजार शिपाई होते. इंग्रज हरले आणि हत्तींनी ओढायची आठ इंची हॉवित्झर तोफ मागे टाकून धापा टाकत परतले. दोन दिवसांनी रेसिडेन्सीत लॉरेन्सच्या खोलीत एक गोळा येऊन फुटला आणि ४ जुलैला ते वारले. तो गोळा याच तोफेचा होता असं सांगतात. आता हा मजकूर सिनेमावाल्याच्या हाती द्या. रीळ ३० जूनच्या संध्याकाळी थांबवलं, तर अवधच्या प्रेक्षकाला तो शिट्ट्या मारायचा सिनेमा आणि इंग्रज प्रेक्षकाला रुमाल काढायचा. तेच रीळ मार्च १८५८ पर्यंत चालू ठेवलं, म्हणजे लखनौ पुन्हा पडलं आणि बेगम हजरत महल यांना शहर सोडावं लागलं तिथपर्यंत, तर रुमाल इकडून तिकडे जातात. इंग्रजांनी तर आपला खेळ संपूच दिला नाही. रेसिडेन्सीच्या पडक्या बुरुजावरचा झेंडा १९४७ पर्यंत त्यांनी रात्रीसुद्धा उतरवला नाही. पुण्याच्या विजयानंदमध्ये ‘सांगत्ये ऐका’ १३१ आठवडे चालला याचं आपण कौतुक करतो. यांचं एक दृश्य नव्वद वर्षं चाललं.

यावर कुणी म्हणेल, मग झालंच की! रीळ कुठे कापलं आणि बघणारा कोणत्या बाजूचा, यावरच सगळं असेल तर सगळ्यात उदास सिनेमा असा काही नसतोच. ज्याचं दुःख त्याला. आक्षेप वजनदार आहे, पण तो फक्त कोण रडणार एवढंच सांगतो. रडता येणार की नाही, हे तो सांगत नाही. चिनहटच्या बाबतीत दोन्ही बाजूंना पुरेपूर रडता आलं. आपलं पानिपत घ्या. १४ जानेवारी १७६१ इतका वाईट शेवट कुठल्या पटकथालेखकाला सुचायचा नाही, तरी पानिपतामुळे मराठी माणूस उदास झाल्याचं ऐकिवात नाही. उलट आपण त्यातून निम्मी भाषा चालवतो. परीक्षेत पानिपत होतं, नोकरीवर संक्रांत येते, आणि उधारी मागितली की ‘विश्वास पानिपतात गेला’ ऐकायला मिळतं. विश्वास पाटलांची कादंबरी १९८८ साली आली आणि घराघरांत वाचली गेली. ती वाचून लोक खिन्न होऊन पडून राहिले का? मुळीच नाही, ते भांडायला उठले. भाऊंनी गोलाची लढाई घ्यायला नको होती, यात्रेकरू सोबत न्यायला नको होते, मल्हारराव निघाले ते निघाले. दोष द्यायला एवढी माणसं हाताशी असताना उदास होणार कोण, आणि वेळ कुणाला आहे? दोषी माणूस दिसणं ही रडण्याची पहिली सोय.

दुसरी सोय जागेची, आणि त्यात लखनौचा हात धरणारं शहर नाही. बडा इमामबाडा १७८४ च्या दुष्काळात बांधायला काढला तो लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. अशी आख्यायिका आहे की दिवसा मजूर बांधत आणि रात्री हातातोंडाची गाठ न पडणारे उमराव, कुणी ओळखू नये म्हणून काळोखात, बांधलेलं पाडत. दोघांचीही चूल पेटे. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाने वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना घरोघर पोचवली तेव्हा त्यातून रस्ते आणि पाझर तलाव झाले. असफउद्दौलाच्या रोजगार हमीतून शोक करायची इमारत झाली, आणि पाझर तिथेही आहेच. करबलाच्या रणात पडलेल्यांच्या शोकामागची श्रद्धा हा इथे मोजमाप करायचा विषय नाही. बघण्यासारखी आहे ती व्यवस्था. मजलिशीला, म्हणजे शोकाच्या बैठकीला, दिवस ठरलेला, वेळ ठरलेली. सहा-सहा ओळींच्या कडव्यांचा मर्सिया घाई करत नाही: आधी वीराचं रूप, मग रणात जायची परवानगी मागणं, मग त्याचा घोडा, मग तलवार, आणि या साऱ्यानंतर तो क्षण. शेवट सगळ्यांना तोंडपाठ असतो, घटना इसवी सन ६८० मधली आहे, आणि तरी ‘शेवट आधीच का सांगितला’ म्हणून कुणी तोंड फिरवत नाही. सगळं झाल्यावर तबर्रुक वाटतात, म्हणजे आपला प्रसाद. रडून झालेल्या माणसाच्या हातावर काहीतरी खायला ठेवलं पाहिजे, ही समज लॉरेन्सच्या भटारखान्याला असती तर चिनहटचा निकाल वेगळा लागला असता असं मी म्हणत नाही, पण माणसं निदान भरल्या पोटी हरली असती.

आपल्याकडे इमामबाडा नव्हता, पण नाटकाचा तंबू होता. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली बडोद्याला रंगभूमीवर आलं तेव्हा लिहिणारा जेमतेम महिन्यापूर्वी गेलेला होता, आणि ज्यांची भरजरी वस्त्रं पाहायला बायका लांबून येत ते बालगंधर्व सिंधूच्या ठिगळं लावलेल्या लुगड्यात उभे होते. तो प्रेक्षक किती सिंधूसाठी रडला आणि किती लुगड्यासाठी, हे वेगळं काढता येणार नाही. पण गडकरी मुरलेले होते. त्यांनी दर थोड्या वेळाने तळीरामाचं आर्य मदिरा मंडळ भरवून लोकांना पोट धरून हसवलं, कारण हसून मोकळा झालेला छातीचा भाता पुढच्या हुंदक्याला बरा पडतो. पुढे साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, आणि वीस वर्षांनी तिचा सिनेमा कुणी करावा? ‘साष्टांग नमस्कार’ लिहिणाऱ्या अत्र्यांनी! राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. म्हणजे सिनेमाचं पहिलं सरकारी बक्षीसच या देशाने चांगलं रडवल्याबद्दल दिलं. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ची कथा तर ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी सिनेमावरून आलेली. सासरच्या छळाला भाषांतर लागत नाही, फक्त साडी बदलावी लागते. अलका कुबल पडद्यावर इतकं मन लावून रडत की प्रेक्षकाने नुसती साथ धरायची. बायका डोळे लाल आणि चेहरा मंगळागौर जागवून आल्यासारखा, अशा बाहेर पडत. ज्या सासूला घरात ‘हो आई’ म्हणावं लागे, तिच्या पडद्यावरच्या अवताराला तीन तास मनसोक्त बोटं मोडून झालेली असत. आणि १ जानेवारी २०१६ ला जग नव्या वर्षाचा केक कापत असताना महाराष्ट्र ‘नटसम्राट’ला रांग लावून उभा होता, मुलांच्या घरातून बाहेर पडावं लागलेला म्हातारा बघायला. सगळे तृप्त मनाने घरी गेले. घर मुलांच्या नावावर करायचा बेत त्या आठवड्यात किती वडिलांनी पुढे ढकलला, याची मोजदाद मात्र व्हायची राहून गेली.

‘घरात काय कमी आहे म्हणून पैसे देऊन रडायचं?’ हा प्रश्न प्रत्येक घरातल्या एखाद्या मावशीच्या नावावर जमा असतो. त्याला मराठीत फार विद्वान उत्तर दिलं गेलं आहे. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीची कल्पना मांडली: दुसऱ्याच्या सुखदुःखात शिरायचं, पण आपलं आपलेपण न सोडता. मावशीच्या भाषेत, जीव सिंधूपाशी आणि पर्स स्वतःच्या मांडीवर. याहून रोकडा पुरावा हवा असेल तर प्रयोगशाळेत जावं. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये एक पाहणी छापली. माणसाला हुकमी हसवायला, घाबरवायला, रडवायला सिनेमातला कोणता तुकडा वापरावा, हे त्यांनी ४९४ जणांवर अजमावलं, आणि दुःखाच्या कामी सगळ्यात खात्रीचा निघाला १९७९ च्या ‘द चॅम्प’मधला मुष्टियोद्धा बापाच्या मरणाचा तुकडा. मुलगा बापाला उठवत राहतो. तीन मिनिटांच्या आत काम फत्ते. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाने २०१५ साली ६० जणांना ‘लाइफ इज ब्यूटिफुल’ आणि धन्याची स्टेशनवर वाट बघणाऱ्या कुत्र्याचा ‘हाची’ दाखवला. जे रडले त्यांचं मन लगेच खाली गेलं, वीस मिनिटांत मूळ पदावर आलं, आणि नव्वद मिनिटांनी सिनेमा पाहण्याआधीपेक्षाही वर चढलेलं होतं. संध्याकाळच्या गर्दीत मल्टिप्लेक्समधून घरी पोचायला साधारण एवढाच वेळ लागतो. म्हणजे दुःख रस्त्यात आणि सुख उंबरठ्यावर, असा बरोबर बेत बसतो. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी २०१६ मध्ये याहून कडी केली. दुःखी सिनेमा दाखवण्याआधी आणि नंतर त्यांनी लोकांना भिंतीला पाठ टेकून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं उभं केलं. आपल्या शाळांत ही शिक्षा फुकट मिळते. ज्यांचं मन सिनेमाने हललं, ते नंतर जास्त वेळ कळ सोसू शकले.

इथे मला माझ्याच मुद्द्यातली एक फट मान्य केली पाहिजे. त्या ६० जणांत जे रडले नाहीत त्यांच्या मनावर काहीच परिणाम झाला नाही. ते उदासही झाले नाहीत. मग ‘रडता आलं नाही की उदासी’ हे माझं गणित चुकलं की काय? चुकलं नाही, अर्धं राहिलं होतं. जे रडले नाहीत ते बहुतेक हललेच नव्हते. कुत्रा वाट बघतो आहे, त्यांची तक्रार नाही. उदासीला दोन गोष्टी लागतात: आत काहीतरी हलायला हवं आणि बाहेर पडायला दार नको. नुसतं दार बंद केल्याने उदास सिनेमा होत नाही, कंटाळवाणा होतो, आणि या दोहोंत गल्लत करणारे दिग्दर्शक आपल्याकडे पुरेसे आहेत. पावसात खिडकीशी बसलेला माणूस सात मिनिटं दाखवला म्हणजे खिन्नता आली असं त्यांना वाटतं. प्रेक्षक तोवर पार्किंगचे पैसे मोजत असतो.

दार बंद कसं करायचं ते पाहायचं असेल तर परत लखनौला यावं लागतं. प्रेमचंदांची ‘शतरंज के खिलाड़ी’ ही गोष्ट १९२४ ची. अवध इंग्रजांच्या घशात जात असताना मीर आणि मिर्झा हे दोन सरदार बुद्धिबळ खेळत बसतात, आणि राजासाठी ज्यांनी तलवार उपसली नाही ते लाकडी वजिरावरून एकमेकांना कापून काढतात. शेवटी दोन मुडदे आणि मधे पट. वाचक हळहळतो, ‘असंच पाहिजे’ म्हणतो, पुस्तक मिटतो, सोय झाली. सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये यावर सिनेमा केला आणि दोघांनाही जिवंत ठेवलं. मीर रागाच्या भरात पिस्तूल झाडतो, गोळी मिर्झाला चाटून जाते, दोघे ओशाळतात, आणि अंधार पडायच्या आत आणखी एक डाव मांडतात, इंग्रजी पद्धतीचा. समोरून कंपनीची फौज शहरात शिरलेली. कुणी मेलं नाही, नवाब वाजिदअली शहाने मुकुट उतरवून दिला तोही गळा न काढता. रायांनी दोन माणसांचे प्राण वाचवले आणि प्रेक्षकाचा जीव टांगून ठेवला. ‘शेवट गोड झाला’ अशी तक्रार या सिनेमाबद्दल व्हायला हरकत नव्हती, कारण मुडदे दोनाने कमी झाले. तरी मूळ गोष्टीपेक्षा सिनेमाच जास्त वेळ घशात अडकतो. दुःखाच्या मापावर उदासी ठरत नाही, याला याहून सरळ पुरावा मला सापडलेला नाही. आणि पुढे काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊक असतं: दीड वर्षाच्या आत चिनहट. पटावरच्या त्या दोघांना मात्र ते ठाऊक नसतं, आणि ठाऊक असतं तरी त्यांनी डाव पुरा केला असता.

त्याच शहरावरचा ‘चौदहवीं का चाँद’ याच्या अगदी उलट. १९५९ मध्ये गुरुदत्तचा ‘कागज़ के फूल’ आपटला, आणि दुसऱ्याच वर्षी निर्माता म्हणून त्याने हा लखनवी सिनेमा काढून पैसे वसूल केले. ‘कागज़ के फूल’मधला दिग्दर्शक रिकाम्या स्टुडिओत खुर्चीवर बसल्या बसल्या संपतो, दोष कुणाचा ते सांगता येत नाही, आणि प्रेक्षकाचा तर नाहीच नाही, कारण लोकांनी पाठ फिरवली हेच त्याचं दुःख, आणि तिकीट काढून बसलेल्या माणसाला ते कसं पटावं? ‘चौदहवीं का चाँद’मध्ये ‘पहले आप’ची रीत थेट बायकोपर्यंत पोचते, आणि दोस्ताचा संसार सुखाचा व्हावा म्हणून नवाबसाहेब हिरा गिळून अदबीने मरतात. जाणाऱ्याचाही मान राहिला, राहणाऱ्याचाही. लोक डोळे पुसत बाहेर आले आणि परत तिकीट काढून आत गेले.

मराठीत दार लावून घेणारे हात गेल्या काही वर्षांत तयार झाले. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चं नाव उदास सिनेमांच्या यादीत नेहमी असतं, ते माझ्या मते चुकून. शेवटी जब्याचा दगड सरळ प्रेक्षकाच्या तोंडावर येतो, आणि राग ही चांगली प्रशस्त सोय आहे. ‘सैराट’चं तसं नाही. पूर्वार्धात त्यात नाचायची सोय केलेली होती. लोक खरोखर पडद्यासमोर जाऊन नाचले. मग शेवटच्या काही मिनिटांत मंजुळे यांनी आवाजच काढून घेतला. ना किंकाळी, ना सनई, ना सारंगी. लहान पोर रक्तात भिजलेली पावलं उमटवत चालतं आणि आपल्याला हुंदका द्यायलासुद्धा सूर मिळत नाही. यावर कुणी विचारेल, लोकांना सोयच हवी असते तर हा सिनेमा १०० कोटींच्या घरात गेला कसा? तो नाचाच्या बळावर गेला. जपानमध्ये १६ एप्रिल १९८८ ला स्टुडिओ जिब्लीने हीच गोष्ट दोन सिनेमांत वाटून केली होती: ‘माय नेबर टोटोरो’ हा पोरांचा गोड सिनेमा आणि युद्धात उपासमारीने मरणाऱ्या बहीणभावाचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’, एकाच तिकिटात दोन्ही. टोटोरो नंतर असेल तर पोरं हसत घरी जाणार. आधी असेल तर आईबापांची रात्र गेली.

तरी माझ्या यादीत सगळ्यात वर ‘सैराट’ नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये मरण आहे ते एका सफाई कामगाराचं, आणि तेही पडद्याबाहेर. नारायण कांबळे या म्हाताऱ्या शाहिरावर खटला चालतो, तुमच्या गाण्याने तो मेला म्हणून. न्यायाधीश दुष्ट नाही. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, त्याही दुष्ट नाहीत. कुणाला बोटं मोडावीत, तर समोर फक्त तारखा. अखेर कोर्टाला सुट्टी लागते, आणि सिनेमा शाहिराला कोठडीत सोडून न्यायाधीशांबरोबर सहलीला निघतो. ते बाकावर डोळा लावून बसतात, पोरं ओरडून त्यांना दचकवतात, ते एकाच्या मुस्कटात मारतात आणि पुन्हा पेंगू लागतात. संपला सिनेमा. रडायला काय आहे यात? काहीच नाही. म्हणून तो आठवडाभर जात नाही.

ही झोप आणि दुसरी एक झोप शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. चिनहटच्या रस्त्याने सरळ पुढे गेलं की अयोध्या येते, आणि चित्रं पाहून रडणाऱ्या माणसांचा नोंदलेला एक फार जुना प्रसंग तिथलाच आहे. तो लिहिला विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने, ‘उत्तररामचरित’च्या पहिल्या अंकात. करुण हाच सगळ्या रसांच्या मुळाशी आहे असं मानणारा हा नाटककार. विदर्भाकडे ते खातं तेव्हापासून आहे. राम आणि सीता आपल्याच वनवासाची भिंतीवरची चित्रं बघतात. शूर्पणखेचं चित्र आलं की सीता दचकते आणि हे चित्र आहे, असं तिला सांगावं लागतं. पुढे रामाचेच डोळे वाहू लागतात. चित्रं एकामागून एक दाखवतो कोण, तर लक्ष्मण, ज्याच्या नावावरून लखनौ हे नाव पडलं असं तिथले लोक सांगतात. म्हणजे त्या शहराचा मूळ पुरुषच या देशातला पहिला ऑपरेटर. खेळ संपतो तेव्हा सीता थकलेली असते, पण मन हलकं झालेलं असतं. तिला पुन्हा एकदा ते वन, ती भागीरथी बघावीशी वाटते, सहलीसाठी रथ जोडायला सांगितलं जातं, आणि ती रामाला टेकून निवांत झोपी जाते. रडून झालेल्या प्रेक्षकाची झोप ती. इतक्यात गावात काय बोललं जातंय ते सांगायला दुर्मुख येतो, हळू आवाजात, कानाशी. सीतेला जाग येते तेव्हा रथ दाराशी तयार असतो, आणि तो नेणार असतो पुन्हा लक्ष्मणच.